करार आणि खेळाडू: एक प्रतिवाद



महाराष्ट्राचा क्रिकेटपटू ऋतुराज गायकवाड याने जुलै 2025 मध्ये वैयक्तिक कारणास्तव यॉर्कशायर काउंटीच्या करारातून माघार घेतली, तेही स्कारबरोचा सामना तोंडावर आलेला असताना, यावरून आपल्या खेळाडूंना शब्दाची किंमत नाही असा निष्कर्ष गेल्या अंकातील पत्रात काढण्यात आला आहे. तो एकांगी आणि अन्यायकारक आहे. काउंटी, म्हणजे इंग्लंडमधील परगण्याचा व्यावसायिक संघ, परदेशी खेळाडूला बहुधा हंगामातील काही सामन्यांपुरताच करारबद्ध करते आणि तो न आल्यास दुसरा शोधते. गायकवाडच्या जागी इमाम-उल-हक आला, आणि 1992 साली सचिन तेंडुलकर यॉर्कशायरचा पहिला परदेशी खेळाडू ठरला तोही क्रेग मॅकडरमॉट जखमी झाल्यामुळेच.

खरी अनिश्चितता घरच्या मैदानावर आहे. रणजी करंडक या देशांतर्गत स्पर्धेतील खेळाडूला मानधन दिवसाच्या हिशेबाने मिळते: 2021 च्या सुधारणेनुसार चाळीसहून अधिक सामने खेळलेल्यास दिवसाला 60,000 रुपये, नवोदितास 40,000, राखीव खेळाडूस त्याच्या निम्मे, आणि खेळणाऱ्या अकरांत किंवा राखीव खेळाडूंत नाव नसेल तर काहीच नाही. त्यातच 2025 मध्ये पृथ्वी शॉ मुंबईचे ना हरकत प्रमाणपत्र, म्हणजे मूळ संघटनेची लेखी परवानगी, घेऊन महाराष्ट्राकडे आला, जलज सक्सेनाही आला. अशा भरतीने संघ बळकट होतो, हे मान्यच; पण स्थानिक मुलांच्या जागा घटतात. म्हणूनच महाराष्ट्राच्या रणजी संघात पोहोचलेल्या पैठणच्या अंकित बावणेचा कित्ता गिरवू पाहणाऱ्या मराठवाड्यातील मुलांसाठी राज्य संघटनेने निदान वर्षभराचा करार द्यावा, ही मागणी पत्रलेखकाने करायला हवी होती.

— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर