‘थोडं झोंबणारच’ म्हणू नका

फेनरगनच्या इंजेक्शनची नव्या सिस्टरांना भीती वाटत नाही, ही माझी जुनी तक्रार. उलट्या थांबवायला, अंगावर पित्त उठलं तर, ऑपरेशनआधी पेशंट शांत राहावा म्हणून, कधी दुखण्यावर फोर्टविन या वेदनाशामकाच्या जोडीने, वॉर्डात ते सर्रास दिलं जातं. अँप्यूल जेमतेम बोटभर. पण आतलं औषध आम्लधर्मी आहे. शिरेबाहेर झिरपलं तर आजूबाजूचं मांस सडू शकतं, चुकून धमनीत गेलं तर बोटं काळी पडतात.

त्यात नातेवाईकांचा आग्रह: “सिस्टर, कमरेत नको, सलाईनमधूनच द्या, लवकर गुण येईल.” या औषधापुरतं तरी कमरेतलं, खोल स्नायूतलं इंजेक्शनच बरं. कातडीखाली तर ते कधीच द्यायचं नाही.

अमेरिकेत डायना लेव्हिन नावाच्या संगीतकार बाईंना 2000 साली अर्धशिशीच्या मळमळीवर हेच औषध थेट शिरेतून दिलं गेलं. गँगरीन झालं, आधी पंजा आणि मग कोपराखालचा हात कापावा लागला. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 2009 मध्ये लेव्हिनबाई औषध कंपनीविरुद्ध जिंकल्या. त्याच वर्षी तिथल्या औषध प्रशासनाने चौकटीतला कडक इशारा सक्तीचा केला. 2023 मध्ये आणखी एक पाऊल: शक्यतो स्नायूतच द्या, शिरेतून द्यावंच लागलं तर पातळ करून, सावकाश, मोठ्या शिरेतून, हाताच्या पंजाची आणि मनगटाची शीर टाळा. आपल्याकडे व्हेनफ्लॉन, म्हणजे सलाईनसाठी शिरेत ठेवलेली नळी, नेमका तिथेच असतो!

सिरिंज मागे ओढल्यावर काळसर रक्त आलं की आपण शिरेतच आहोत, असं शिकवलेलं असतं. इथे तो भरवसाही नाही, कारण या औषधाशी गाठ पडली की रक्ताचा रंगच बदलतो. मग उरते पेशंटची तक्रार. तो “सिस्टर, आग होतेय” म्हणाला की हात तिथल्या तिथे थांबला पाहिजे. “थोडं झोंबणारच, ताई” हे आमचं ठरलेलं उत्तर अँटिबायोटिकला चालत असेल, इथे अजिबात नाही. आणि फोर्टविनही सोबत दिलं असेल तर पेशंट गुंगीत. आग झाली तरी सांगणार कोण? दोन्ही औषधांनी श्वासही मंदावू शकतो, म्हणून अशा पेशंटकडे पाठ फिरवून पुढच्या खाटेकडे जाता येत नाही. दोन वर्षांखालच्या बाळांना तर फेनरगन देऊच नये.

रात्रपाळीला एकट्या सिस्टरने एवढा वेळ कुठून आणायचा, हे विचारणं रास्त आहे. माझ्या मते उत्तर केसपेपरपासून सुरू होतं. डॉक्टरांनी नुसतं ‘इंजेक्शन फेनरगन स्टॅट’ लिहू नये. कुठून द्यायचं, किती पातळ करायचं आणि किती मिनिटांत, हे लिहावं. नुसत्या उलट्या असतील तर आधी ऑन्डॅन्सेट्रॉनचा विचार करावा. अर्धवट ऑर्डर आली तर सिस्टरने अँप्यूल फोडायच्या आधी फोन करावा, आणि रात्री दोन वाजता आलेल्या त्या फोनवर कुणी खेकसू नये.