एका स्टारची उधारी

मार्च-एप्रिल आला की आपल्या सगळ्यांच्या तोंडी एकच विषय असतो. अप्रेझल! "वर्षभर रात्री जागून रिलीज काढले आणि शेवटी हातावर ३ टेकवला." किंवा मॅनेजर लोकांचा तो सुप्रसिद्ध डायलॉग, "माझ्या टीममध्ये मी ५ कुणालाच देत नाही." बेल कर्व्हला आपण जेवढ्या शिव्या घातल्यात तेवढ्या हिंजवडीच्या ट्रॅफिकलाही घातल्या नसतील. माणसाचं वर्षभराचं काम एका आकड्यात कसं मावेल, हा आपला अत्यंत लाडका प्रश्न.

आणि हीच मंडळी शनिवारी संध्याकाळी कॅफेतून बाहेर पडता पडता फोन काढतात, "कॉफी चांगली, पण पार्किंग नाही" असं लिहितात आणि १ स्टार देऊन मोकळी होतात.

अतिशयोक्ती वाटते? माझा एक मित्र आणि त्याची बायको कोथरूडमधल्या एका गल्लीत छोटासा कॅफे चालवतात. सात टेबलं, कामाला दोन मुलं, भाडं दर महिन्याला न चुकता. त्यांचं गुगलवरचं प्रोफाइल शनिवार-रविवारी मी सांभाळतो (मोबदला: फिल्टर कॉफी, कितीही). त्यामुळे आलेला प्रत्येक रिव्ह्यू मला वाचावा लागतो. हे काही नमुने. "सोमवारी गेलो तर बंद." १ स्टार. (सोमवारी बंद असतो हे प्रोफाइलवर लिहिलेलं आहे हो!) "लॅपटॉप घेऊन बसलो होतो तर दोनदा येऊन अजून काही हवंय का विचारलं." २ स्टार. हे साहेब एका कॉफीवर साडेतीन तास बसले होते. "खूप छान, सगळं आवडलं." ३ स्टार. हा बहुतेक मॅनेजर असावा :-) आणि सगळ्यात भारी म्हणजे नुसताच १ स्टार, खाली एक अक्षर नाही. आता यातून मित्राने सुधारायचं तरी काय?

तुम्ही म्हणाल, एका रिव्ह्यूने काय होतंय. बरं, गणित करू. समजा ४० रिव्ह्यू आहेत आणि सरासरी ४.८. त्यात एक १ स्टार पडला की सरासरी होते ४.७. परत पूर्ण ४.८ व्हायला किती ५ स्टार लागतील? तो एक स्टार सरासरीपेक्षा ३.८ खाली आहे आणि प्रत्येक ५ स्टार फक्त ०.२ वर. म्हणजे १९. एका माणसाची पार्किंगवरची चिडचिड फेडायला १९ खूष माणसांनी फोन काढून लिहायला हवं. आणि खूष झालेला माणूस काय करतो? बिल देतो आणि घरी जातो. ज्याच्याकडे ४००० रिव्ह्यू आहेत त्या मोठ्या ब्रँडचा मात्र त्याच एका स्टारने दिसणारा आकडा जागचा हलत नाही.

हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या मायकल लुका यांनी २०११ साली सिएटलमधल्या रेस्टॉरंट्सचा अभ्यास केला होता. येल्पवर एक स्टार वाढला की उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढतं, असा तो निष्कर्ष. पण खरी गंमत पुढे आहे. हा परिणाम स्वतंत्र, एकट्या-दुकट्या रेस्टॉरंट्सवर दिसला, साखळीवाल्या ब्रँड्सवर दिसला नाही. ते बरोबरच आहे, साखळीच्या दुकानात काय मिळणार हे आपल्याला आधीच माहीत असतं. म्हणजे आपला स्टार ज्याला लागतो तो बरोब्बर छोटा माणूसच.

आता या भीतीवर कोण जगतं ते बघा. मागच्या वर्षी एका एजन्सीचा माणूस मित्राकडे आला होता. पन्नास रिव्ह्यू, सगळे ५ स्टार, मजकुरासकट. वर अनुभवाचे बोल, "रोज दोन-तीनच टाकू सर, एकदम टाकले की पकडले जातात." मित्राने त्याला कॉफी पाजून परत पाठवलं. त्याची बायको मात्र रात्रभर विचार करत होती, कारण समोरच्या गल्लीतल्या कॅफेचे रिव्ह्यू महिनाभरात भसाभस वाढले होते. तिला दोष कसा देणार?

पण एजन्सीवाल्यापेक्षा मला जास्त राग येतो तो आपल्या जातभाईंचा. टेबलावर क्यूआर कोड ठेवतात बघा, "आम्हाला रेट करा." स्कॅन केलं की आधी एक साधं पान येतं. चार किंवा पाच स्टार दाबले की थेट गुगलवर, तीन किंवा कमी दाबले की "तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे" असा खासगी फॉर्म, जो बाहेर कुणाला कधीच दिसत नाही. एक इफ-एल्स, बस्स. फक्त खूष लोकांकडूनच रिव्ह्यू मागणं गुगलच्या नियमात बसत नाही. रिव्ह्यूच्या बदल्यात ब्राउनी फुकट देणंही बसत नाही. तरी "रेप्युटेशन मॅनेजमेंट" या भारदस्त नावाखाली हे सॉफ्टवेअर महिन्याच्या वर्गणीवर विकलं जातं. तो इफ-एल्स कॅफेवाल्याने नाही लिहिला. आपल्यातल्याच कुणीतरी लिहिला, टेस्ट केला आणि रिलीजच्या दिवशी केकही कापला असेल.

हे सगळं किती पोकळ आहे ते २०१७ मध्येच लंडनमध्ये दिसलं होतं. ऊबा बटलर नावाच्या पत्रकाराने (हा पूर्वी पैसे घेऊन रेस्टॉरंट्ससाठी खोटे रिव्ह्यू लिहायचा) आपल्या बागेतल्या शेडला "द शेड ॲट डलिच" असं नाव देऊन ट्रिपॲडव्हायझरवर टाकलं. पदार्थांच्या फोटोत शेव्हिंग फोम आणि डिशवॉशरच्या गोळ्या. ओळखीच्यांकडून रिव्ह्यू लिहून घेतले आणि साधारण सहा महिन्यांत ते लंडनमधलं पहिल्या क्रमांकाचं रेस्टॉरंट झालं. तिथे तोवर एका माणसालाही जेवायला वाढलेलं नव्हतं! लोक टेबलासाठी फोन करत होते.

कायदे येताहेत, नाही असं नाही. अमेरिकेत खोटे रिव्ह्यू विकण्या-विकत घेण्यावर ऑक्टोबर २०२४ पासून बंदी आहे, ब्रिटनमध्ये एप्रिल २०२५ पासून. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानक आणलं, पण ते ऐच्छिक. ऐच्छिक म्हणजे काय ते पुणेकरांना हेल्मेटवरून चांगलं ठाऊक आहे (ते तर सक्तीचं आहे!).

"म्हणजे आम्ही वाईट लिहूच नये का?" लिहा की. कपात झुरळ निघालं, बिलात न घेतलेलं सँडविच लावलं, शिळा केक दिला, तर जरूर लिहा. काय घडलं, कधी घडलं, तुम्ही सांगितल्यावर ते काय म्हणाले, सगळं लिहा. मित्राकडे एकाने लिहिलं होतं की दुपारी चारनंतर कोल्ड कॉफी पातळ येते. दोन ओळी. शोधलं तर खरंच होतं, शिफ्ट बदलली की नवा मुलगा बर्फ जास्त घालायचा. तो रिव्ह्यू ३ स्टारचा होता, आणि वर्षभरातला सगळ्यात उपयोगी तोच. आपल्या भाषेत, बग रिपोर्ट असा हवा. नुसतं "चालत नाही" लिहिलेलं तिकीट तुम्ही स्वतः किती वेळात बंद करता?

कॅफेवाल्यांसाठीही माझ्याकडे कसलीही जादू नाही. मी जे करतो ते भयंकर कंटाळवाणं आहे. गणपतीत आणि दिवाळीत वेळा बदलल्या की त्या आदल्या दिवशीच प्रोफाइलवर बदलायच्या. मेन्यूचे दर वाढले की जुना फोटो काढून नवा टाकायचा. नकाशावरची खूण मागच्या गल्लीत पडली होती, ती पुढे आणली. वर्णनातच लिहून टाकलं, "चारचाकीला पार्किंग नाही." त्यानंतर पार्किंगवरून एकच १ स्टार आला. वाईट रिव्ह्यूला उत्तर दुसऱ्या दिवशी, राग उतरल्यावर, आणि चार ओळींपेक्षा मोठं नाही. गुगल मालकाला आवडला नाही म्हणून रिव्ह्यू काढत नाही, नियम मोडला असेल तरच काढतो, त्यामुळे तिथे डोकं आपटण्यात अर्थ नाही. आणि काउंटरवर कुणी "मस्त होती कॉफी" म्हणालं की एवढंच म्हणायचं, "जमलं तर गुगलवर लिहा." ते सगळ्यांना म्हणायचं, तोंड पाडून बसलेल्यालाही.

यंदाही कुणाला तरी ३ मिळणार आणि तो वैतागून चार मित्रांना घेऊन कुठल्या तरी कॅफेत बसणार. बसा. कॉफी गार आली तर आधी काउंटरवर सांगा, बदलून देतात. नाही दिली तर मग लिहा, तारीख आणि वेळेसकट.