कुकीज पुसायला आपल्याला यायलाच हव्यात



घरातला कॉम्प्युटर सगळ्यांचा असतो, पण त्यावर शोधलेली प्रत्येक गोष्ट सगळ्यांची नसते, असं माझं स्पष्ट मत आहे. सुनेने दुपारी पाळीच्या तक्रारीबद्दल काही वाचलं, आणि संध्याकाळी सासरे शेअरचे भाव बघायला बसले, तर पहिलं अक्षर टाइप करताच खाली तिचाच शोध उघडा पडतो. यात लपवण्यासारखं काही नाही. पण कोणाला सांगायचं आणि कधी सांगायचं, हे तिनं ठरवायचं, कॉम्प्युटरने नव्हे. म्हणूनच ही साफसफाई मुलावर किंवा नातवावर सोपवू नये. ज्याच्याकडून पुसून घ्यायचं, त्यालाच सगळं आधी दाखवायचं, याला काय अर्थ आहे?

आधी कुकी म्हणजे काय ते. (आमच्या भिशीत एकीने विचारलंच, "त्यात अंडं नसतं ना?") १९९४ साली नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली या तरुण इंजिनियरने ती वेबसाठी आणली. तोपर्यंत वेबसाइटला स्मरणशक्तीच नव्हती. एका पानावरून दुसऱ्या पानावर गेलात की तुम्ही तिच्या लेखी नवीन गिऱ्हाईक. अशाने टोपलीत टाकलेल्या वस्तू लक्षात कशा राहणार? त्यावर उपाय म्हणून ही छोटीशी नोंद तुमच्याच कॉम्प्युटरवर ठेवायची पद्धत निघाली.

मंदिराबाहेर चपला ठेवल्या की आपल्याला नंबरचा बिल्ला मिळतो ना, तसंच समजा. कुकीत बहुतेक वेळा असा एक लांबलचक नंबरच असतो. ती व्हायरस नाही, तुमचे फोटो उघडून बघत नाही. त्या नंबरने काय काय पाहिलं, काय विकत घेतलं, याची वही मात्र वेबसाइटकडे असते. आपण बिल्ला फाडला तरी ती वही पुसली जात नाही, हे नीट ध्यानात घ्या. "रोज कुकीज उडवा आणि सुरक्षित राहा" असे निरोप फिरवणाऱ्यांनी एवढंच सांगायचं सोडलेलं असतं.

खरा त्रास थर्ड पार्टी कुकीजचा. तुम्ही साड्यांची साइट उघडता, पण त्या पानावर जाहिरात कंपनीचाही एक तुकडा असतो आणि तोही आपला बिल्ला तुमच्या हातात देतो. मग तुम्ही बातम्यांच्या, औषधांच्या, प्रवासाच्या साइटवर गेलात आणि तिथेही तीच कंपनी असली, की ती तुम्हाला ओळखते. मी कॉमर्सची, म्हणून मला हे असं दिसतं : दुकानं वेगळी, पण सगळ्यांच्या कीर्दी एकाच मुनिमाकडे, आणि तो शांतपणे तुमच्या नंबरची खतावणी करतोय. आपल्या वाण्याला आपल्या घरात तूप किती लागतं ते माहीत असतं, त्याचं काही वाटत नाही. पण तेच तूपवाल्याने डॉक्टरकडून आणि सोनाराकडूनही आपली माहिती काढली तर?

सफारी ब्राउझरने २०२० पासून या परक्या कुकीज आपणहून अडवायला सुरुवात केली. गूगलनेही त्याच वर्षी क्रोममधून त्या बंद करू असं जाहीर केलं होतं, पण २०२४ मध्ये तो बेत सोडला. जिची मोठी कमाईच जाहिरातींवर, तिच्याकडून दुसरी अपेक्षा कशाला ठेवायची? तेव्हा क्रोम वापरणाऱ्यांनी सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीच्या भागात जाऊन थर्ड पार्टी कुकीज स्वतःच ब्लॉक कराव्यात. रोज पुसत बसण्यापेक्षा हे एकदाच केलेलं काम मला जास्त मोलाचं वाटतं.

पुसण्याची रीत अगदी सोपी आहे. विंडोजवर क्रोम, एज किंवा फायरफॉक्स उघडून कंट्रोल, शिफ्ट आणि डिलीट ही तीन बटणं एकत्र दाबा. एक चौकट उघडते. काळ विचारला तर 'सर्व काळ' निवडा, आणि हिस्टरी, कुकीज व कॅशे यांवर खूण करा. कॅशे म्हणजे पान पुढच्या वेळी लवकर उघडावं म्हणून साठवलेली चित्रं वगैरे तात्पुरत्या फायली. त्या गेल्यावर पहिल्यांदा साइट जरा सावकाश उघडतील, एवढंच. सेव्ह केलेल्या पासवर्डवर मात्र चुकून खूण करू नका. कुकीज गेल्या की बहुतेक साइटवर पुन्हा लॉगिन करावं लागतं, तेव्हा पासवर्ड आधी वहीत लिहिलेले असू द्या. आणखी एक : फोन आणि कॉम्प्युटर एकाच खात्याने जोडून सिंक चालू ठेवलं असेल, तर इथे पुसलेली हिस्टरी तिथूनही जाते. गूगलच्या खात्यातली 'माय ॲक्टिव्हिटी' मात्र तिथे जाऊन वेगळी पुसावी लागते.

इन्कॉग्निटोवर काहीजणींचा फार भरवसा असतो. त्याने घरातल्यांना हिस्टरी दिसत नाही, हे खरं. पण इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला तुम्ही कुठल्या साइटवर गेलात ते कळू शकतं. आणि "कॉम्प्युटर साफ करून देतो" म्हणणारी फुकटची सॉफ्टवेअर तर उतरवूच नका. ब्राउझर हे काम स्वतः करतो.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २०१७ साली खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निकाल दिला. मग घरात प्रत्येकाला कॉम्प्युटरवर वेगळं यूजर खातं आणि आपापला पासवर्ड असायला हरकत काय? पाच मिनिटांचं काम आहे. "आमच्या घरात असलं काही लागत नाही" असं म्हणणाऱ्या सासूबाईंनी आपलं पासबुक कुठे ठेवलंय, ते एकदा आठवून पाहावं.

बाहेरच्या कॉम्प्युटरवर मात्र काहीच राहू देऊ नका. शिखरजीच्या यात्रेची तिकिटं काढायला किंवा आधारची प्रत छापायला झेरॉक्सच्या दुकानात गेलात, तर आधी लॉगआउट करा, मग वरची तीन बटणं दाबा. आणि उतरवलेली आधारची फाइल कुकीजबरोबर जात नाही. ती डाउनलोड्समध्ये तशीच पडून राहते. ती डिलीट करा आणि दुकानदाराला सांगून रिसायकल बिनमधूनही काढा, मागे रांग कितीही घाई करत असली तरी.