तेल तपासा, पाणी तपासा. नाव कशाला तपासता?

अन्न सुरक्षा आणि मानके कायदा २००६ चा. यात स्वयंपाकघराची स्वच्छता आहे, पाणी आहे, भेसळ आहे. जात कुठेही नाही, धर्म कुठेही नाही. तरीही जुलै २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात कावड यात्रेच्या मार्गावरील ढाबेवाल्यांना, फळविक्रेत्यांना मालकाचे नाव पाटीवर लिहायला लावले गेले. २२ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेश दिला : कोणते पदार्थ मिळतात ते लिहायला सांगा, मालकाचे, नोकराचे नाव लिहिण्याची सक्ती नको.

समर्थक म्हणतात, ‘गिऱ्हाइकाला माहितीचा हक्क आहे.’ जरूर आहे! पण परवाना दुकानात लावायचा असतोच. त्यावरच्या क्रमांकावरून अधिकारी थेट जबाबदार माणसापर्यंत पोहोचतो. मग रस्त्यावरून दिसणारी नावाची पाटी कशासाठी? कोणाकडे जेवायचे नाही, हे ठरवण्यासाठी. नाव वाचून तेल ताजे की शिळे ते कळत नाही.

स्वच्छता आणि ‘शुद्धता’ यांतला हा फरक आपल्याला नवा नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले. मग सनातन्यांनी तळे ‘शुद्ध’ केले, तेही शेण-गोमूत्राच्या घागरी ओतून! ज्या नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे सर्वांना खुले करण्याचा ठराव केला होता, तिनेच ४ ऑगस्ट १९२७ ला तो मागे घेतला. पाणी कोणी तपासले नाही, पिणारा तपासला.

हा रोग आजही जिवंत आहे. डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडच्या चंपावत जिल्ह्यात शाळेतल्या सवर्ण मुलांनी दलित भोजनमातेच्या हातचे खाणे नाकारले आणि नोकरी तिचीच गेली. पुढे बोभाटा झाल्यावर तिला परत घ्यावे लागले. आता दुसरी शाळा पाहा. जुलै २०१३, बिहारचा सारण जिल्हा, गंडामन गाव. माध्यान्ह भोजनातून २३ मुले दगावली. विष कोणाच्या जातीत नव्हते. ते तेलात होते, कीटकनाशक होते. तपासणीची गरज कुठे होती, ते या २३ चिमुकल्यांनी जीव देऊन दाखवले.

म्हणून तपासणीला आमचा विरोध नाही. उलट ती सर्वात जास्त आम्हालाच हवी. शाळेची खिचडी, अंगणवाडीचा आहार, वसतिगृहाची मेस, नाक्यावरची वडापावची गाडी : इथे आपलीच लेकरे जेवतात. भेसळीचा पहिला बळी गरीबच असतो.

आमच्या मागण्या सरळ आहेत. अन्न व औषध प्रशासनाने प्रत्येक तपासणीचा अहवाल दुकानाच्या दारावर लावावा. कलम ३२ नुसार आधी सुधारणा नोटीस द्यावी, थेट गाडी उचलून नेऊ नये. नगरपालिकेने हातगाडीवाल्याला आधी नळाचे पाणी आणि कचराकुंडी द्यावी, मग स्वच्छतेचा जाब विचारावा.

आणि आपणही गप्प बसू नये. कलम ४० नुसार कोणताही ग्राहक शुल्क भरून विकत घेतलेल्या अन्नाची तपासणी करून घेऊ शकतो; कायद्याचा भंग सिद्ध झाला तर शुल्क परत मिळते. वस्तीतल्या मंडळांनी हे हत्यार वापरावे. शाळेच्या खिचडीपासून सुरुवात करा.

जय भीम!