सावकार आम्ही, वही त्यांच्या हातात

सावकार म्हणजे काय हे केळापूर तालुक्यातल्या पोराला शिकवावं लागत नाही. कापूस बोंडात यायच्या आधी त्याची वही उघडते. आणि ती वही तो कर्जदाराच्या हातात कधीच देत नाही. 'तूच लिही बाप्पा, तूच मोज, मनात येईल तेव्हा फेड' असं म्हणणारा सावकार पांढरकवड्यात कोणी पाहिला असेल तर दाखवा.

आपल्याला मात्र असंच सावकार बनवलं होतं. १९३२ ची गोष्ट. २४ सप्टेंबरला पुणे करार झाला आणि ३० तारखेला मुंबईत सवर्णांनी अस्पृश्यता निवारणाची संस्था काढली. तीच पुढं हरिजन सेवक संघ झाली. अध्यक्ष बिर्लाशेठ, चिटणीस ठक्कर. बाबासाहेब सुरुवातीला तिच्या मध्यवर्ती मंडळावर होते. विलायतेला जाताना बोटीवरून १४ नोव्हेंबरला त्यांनी ठक्करांना लांबलचक पत्र धाडलं. मुद्दा सरळ होता. शाळा, वाचनालयं, तालमी काढून दोनचार माणसं वर येतील, जात जागची हलणार नाही. पैसा खर्चायचाच तर गावच्या विहिरीवर, शाळेत, वाटेवर हक्क बजावण्यासाठी खर्चा. डोकी फुटतील, फुटू द्या. आणि कार्यकर्ते अस्पृश्यांतले घ्या. उत्तर सोडाच, त्या पत्राची साधी पोचही आली नाही. बाबासाहेब बाहेर पडले.

पुढं अस्पृश्यांची मंडळी गांधींकडे गेली, मंडळावर आम्ही का नाही म्हणून. जबाब मिळाला तो असा: हे मंडळ कर्जदारांचं आहे. सवर्ण कर्जदार, तुम्ही सावकार. फेडायचा पुढाकार कर्जदाराचा. तुम्ही मदत करा, सल्ला द्या. घ्या! पाप त्यांचं, पैसा त्यांचा, प्रायश्चित्तही त्यांचं, म्हणून हिशेबही त्यांचाच. आपल्या वाट्याला सल्ला.

हे जुनं मढं उकरतो ते कशासाठी? आज तालुक्यात जो उठतो तो फंड, प्रोजेक्ट, सीएसआर बोलतो म्हणून. नाव बदललं, मंडळ तेच.

आमच्या वस्तीत एक संस्था आली. नाव घेत नाही, नाव घेऊन तिला मोठं कायले करा? विहारात बायांना बसवलं. 'तुमच्या गरजा सांगा.' एक म्हातारी उठली. म्हणाली, 'बाई, आमच्या मसणवटीचा रस्ता धुऱ्यावाल्यानं अडवला. मढं बांधाबांधानं न्यावं लागते. तो मोकळा करून द्या.' बाईंनी लिहून घेतलं, आमचे अंगठे-सह्या घेतल्या, फोटो काढले. सहा महिन्यांनी तीन शिलाई मशिनी आल्या. आम्ही विचारलं, रस्ता कुठं गेला? म्हणाल्या, तसा कॉलमच नाही फॉर्ममध्ये. एक मशीन अजून विहारात चादरीखाली झाकून आहे.

कॉलम कोण पाडते, सारी मेख तिथं आहे. २००६ साली विदर्भातल्या सहा जिल्ह्यांना पंतप्रधानांचं ३,७५० कोटींचं पॅकेज आलं, त्यात आपला यवतमाळही होता. व्याज माफ झालं ते बँकेच्या कर्जदाराचं. आत्महत्येला सरकारची एक लाखाची मदत, पण शेतीचा सातबारा पाहिजे, बँकेचं, सोसायटीचं नाहीतर परवानाधारक सावकाराचं कर्ज पाहिजे, वसुलीचा तगादा पाहिजे. ज्याच्याकडे सातबाराच नाही त्याचं मरण अपात्र. आपला भूमिहीन मजूर, अतिक्रमणाच्या जमिनीवरचा गोंड-कोलाम, या कॉलमांत कुठं बसवता?

मोठ्या कंपन्यांसाठी २०१३ च्या कायद्यानं नफ्याचे दोन टक्के समाजासाठी खर्चायचं ठरलं. मंजूर कामांच्या यादीत मागासांची विषमता कमी करणं हेही कलम आहे. पण ॲट्रॉसिटीच्या फिर्यादीला वकील दिलेली कंपनी तुम्ही पाहिली? परदेशी पैशाचं तर विचारूच नका. २०२० च्या दुरुस्तीनं मोठ्या संस्थेला तो पैसा छोट्या संस्थेकडे द्यायलाच बंदी झाली. स्वतः नोंदणी करायची तर तीन वर्षांत पंधरा लाख खर्चल्याचा हिशेब दाखवा. म्हणजे ज्याच्याकडे पैसा आहे त्यालाच पैसा. वस्तीतल्या पोरानं मोठ्या संस्थेचा पगारी नोकर व्हावं, तिनं सांगितलेली मिटिंग घ्यावी आणि बिलं जोडावी.

मग पैसा घ्यायचाच नाही? असलं सोवळं आपल्याला परवडत नाही. १९२० साली 'मूकनायक'साठी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले, बाबासाहेबांनी घेतले. पण लेखणी कोणाच्या हातात होती? बडोद्याची शिष्यवृत्तीही घेतली, दहा वर्षं नोकरीच्या करारावर. करार पाळायला १९१७ त बडोद्याला गेले तर राहायला जागा मिळेना. पारशांच्या धर्मशाळेतून लोकांनी काठ्या घेऊन हाकललं. एका माणसाची फी भरली गेली, शहर होतं तसंच राहिलं. बोटीवरच्या पत्रात जे आहे ते या काठ्यांतून आलेलं आहे.

आपल्या पँथरनं १९७२ त ज्यांचं नाव उचललं ते अमेरिकेतले ब्लॅक पँथर १९६९ पासून ओकलंडमध्ये पोरांना शाळेआधी फुकट न्याहारी देत. माल मोहल्ल्यातल्या दुकानदारांचा, पण चूल त्यांची. २०२० त जॉर्ज फ्लॉइडला पोलिसानं गुडघ्याखाली मारलं, तेव्हा तिथल्या फाउंडेशनांनी, कंपन्यांनी वांशिक न्यायाच्या नावानं थैल्या सोडल्या. तिथल्या काळ्या कार्यकर्त्यांनीही हेच विचारलं: वाटणार कोण?

आता आपल्या ताटात बघू. १४ एप्रिलला आपण घरोघर वर्गणी काढतो. निंदणाची मजुरी मोडून बाई नोट देते. हाच आपला खरा फंड, कोणापुढं फॉर्म भरावा लागत नाही. त्यातलं किती डीजेत जाते? हिशेब वाचते कोण? पावतीबुक अध्यक्षाच्या खिशात. आपलाच एखादा संस्था काढतो, कार्यकारिणीत बायको, साळा, साळ्याची बायको, आणि मग तोही म्हणतो, 'वस्तीनं सल्ला द्यावा.' पोडावरच्या कोलामाकडं तर आपण कधी वर्गणी मागायलाही जात नाही, विचारायला तर दूरच. त्याच्यापुढं आपणच कर्जदारांचं मंडळ होऊन बसतो. हे मला बोलायला जड जाते, पण बोललं पाहिजे.

म्हणून यापुढं कोणी फॉर्म घेऊन आलं तर आधी मसणवटीच्या रस्त्याचा कॉलम पाडून आण म्हणायचं. किती आले, कुठं गेले ते विहाराच्या भिंतीवर खडूनं लिहायचं, आणि ज्यांच्या नावानं आले त्या बायांनी ते मोजायचं. हे नको असेल त्यानं मशीन परत न्यावी, चादरीसकट.

रविवारी विहारात बसू. पोडावर निरोप दिला आहे. पावतीबुकं घेऊन या, मागल्या जयंतीचीही.