चूल, किण्व आणि कायदा

१४ ऑक्टोबर १९७८ रोजी अमेरिकेचे तत्कालीन अध्यक्ष जिमी कार्टर यांनी ज्या विधेयकावर स्वाक्षरी केली, त्याचा मूळ विषय मालमोटारी, बसगाड्या आणि ट्रॅक्टर यांवरील अबकारी कराचा होता. परंतु कॅलिफोर्नियाचे सिनेटर ॲलन क्रॅन्स्टन यांच्या पुढाकाराने त्यात जी एक लहानशी दुरुस्ती दाखल झाली, तिने त्या देशातील सामान्य गृहस्थाच्या स्वयंपाकघरावर कित्येक दशके असलेला मज्जाव उठविला. सज्ञान व्यक्तीने आपल्या घरी, स्वतःच्या अथवा कुटुंबाच्या उपयोगासाठी, विक्रीचा हेतू न ठेवता बिअर केल्यास तिच्यावर कर नाही, असा त्या दुरुस्तीचा आशय होता. घरात एकच सज्ञान माणूस असेल तर वर्षाला १०० गॅलन, म्हणजे सुमारे ३७८ लिटर, आणि दोन किंवा अधिक असतील तर २०० गॅलन, एवढीच काय ती मर्यादा. १ फेब्रुवारी १९७९ पासून या तरतुदीचा अंमल सुरू झाला. घरी बिअर करण्याच्या छंदातले महत्त्वाचे टप्पे कोणते, असा प्रश्न कोणी विचारला तर मी प्रथम या तारखेचा उल्लेख करीन, आणि महाराष्ट्रातील वाचकांपुढे तिची आठवण आज मांडण्याचे प्रयोजनही त्या दुरुस्तीच्या आशयातच आहे.

अमेरिकेत १९२० ते १९३३ या काळात देशव्यापी दारूबंदी होती. ती उठल्यावर कुटुंबप्रमुखाला घरच्या घरी द्राक्षांची वाइन करण्याची सवलत मिळाली. बिअरला मात्र ती मिळाली नाही, आणि पुढची पंचेचाळीस वर्षे आपल्या तळघरात चार बाटल्या भरणारा निरुपद्रवी माणूस कायद्याच्या दृष्टीने गुन्हेगारच राहिला. इंग्लंडमधला इतिहास याहून निराळा आहे. तेथे १८८० साली ग्लॅडस्टन यांनी मोड आणलेल्या जवावरील जुना कर काढून बिअरवर कर बसविला, त्याबरोबर घरी बिअर करणाऱ्यालाही परवान्याच्या जाळ्यात ओढले, आणि हे बंधन १९६३ सालच्या अंदाजपत्रकात अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी रद्द केले. त्याच वर्षी सी. जे. जे. बेरी यांचे घरगुती बिअरवरील पुस्तक तेथे प्रसिद्ध झाले. बंधन उठताच छापील पुस्तक निघावे, या क्रमाला मी विशेष महत्त्व देतो.

कारण कोणतीही कला केवळ हातांनी वाढत नाही; ती नोंदींनी, तुलनेने, आणि आपले फसलेले काम दुसऱ्यापुढे निःसंकोच ठेवण्याने वाढते. जे चोरून करावे लागते त्याची वही कोणी ठेवीत नाही, आणि ठेवली तरी ती शेजाऱ्याला दाखवीत नाही. मनाई असताना अमेरिकेत घरगुती बिअर होत नव्हती असे नव्हे, परंतु तिच्यात सुधारणा होण्याचा मार्ग अरुंद होता.

नोकरीनिमित्त काही वर्षे मी ओरेगन राज्यात राहिलो, आणि या छंदाची ओळख मला तेथे झाली. ज्या प्रदेशाच्या विल्यामेट खोऱ्यात हॉप्सच्या वेली उंच तारांवर चढविलेल्या दिसतात, आणि जेथील कृषिसंशोधकांनी सिद्ध केलेल्या कॅस्केड नावाच्या वाणाने, तो १९७२ साली प्रसृत झाल्यानंतर, अमेरिकेच्या बिअरची चवच पालटून टाकली, त्या प्रदेशात हा छंद लागणे स्वाभाविक होते. कृती ऐकावयास सोपी आहे. आपण नाचणीला मोड आणून वाळवितो त्याप्रमाणे मोड आणून वाळविलेले जव जाडसर भरडावयाचे, ते सुमारे ६५ ते ६८ अंश सेल्सिअस उष्णतेच्या पाण्यात तासभर ठेवावयाचे, खाली उतरलेले गोड पाणी निथळून घेऊन ते हॉप्सच्या फुलांसह आणखी तासभर उकळावयाचे, मग ते त्वरेने विसाएक अंशांपर्यंत निववून त्यात यीस्ट सोडावयाचे.

यातला पहिला तास मला सर्वांत प्रिय आहे. पातेल्यात वरकरणी काहीच घडत नसते. पेजेसारखे दिसणारे एक दाट मिश्रण, आणि त्यातून येणारा भाजलेल्या धान्याचा उबदार वास. परंतु मोड येताना धान्यात जी विकरे निर्माण झालेली असतात, ती त्या उष्णतेत जागी होऊन पिष्टाच्या लांबलचक साखळ्या तोडीत असतात व त्यांची साखर करीत असतात. उष्णता थोडी कमी ठेवली तर यीस्टला पचणारी साखर अधिक होते आणि बिअर हलकी उतरते. थोडी अधिक ठेवली तर न पचणारा अंश मागे राहून तिला अंग येते. हे सारे झाले की नाही हे पाहण्यासाठी पांढऱ्या बशीत त्या पाण्याचा एक थेंब घेऊन त्यावर आयोडीनचा थेंब टाकतात. पिष्ट शिल्लक असेल तर थेंब तत्काळ काळानिळा होतो. सगळ्याची साखर झाली असेल तर आयोडीनचा पिवळसर तपकिरी रंग तसाच राहतो. शाळेत बटाट्याच्या फोडीवर केलेला हा प्रयोग प्रौढ वयात, स्वतःच्या ओट्यावर, एका खऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळविण्यासाठी करताना, आणि दर दहा मिनिटांनी बशीतला डाग फिका होत जाताना पाहताना, मला जे समाधान लाभले ते पुढे बाटली उघडतानाही तितके लाभले नाही.

ओरेगनमध्ये मी राहत असे त्या गावात हौशी मंडळींचा एक संघ होता. महिन्यातून एकदा एका सभासदाच्या घरी सारे जमत आणि आपापली बाटली बरोबर आणीत. ती पिऊन संपविणे हा तेथला हेतू नव्हता. चार बोटे बिअर पेल्यात ओतून प्रथम वास, मग रंग व फेस, मग चव, अशा क्रमाने तिचे परीक्षण होई. परीक्षणाचा तक्ता छापील असे व त्यात एकूण ५० गुण : वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडातील स्पर्शाला ५ आणि समग्र परिणामाला १०. रूपाला अवघे तीन गुण ठेवणाऱ्या या तक्त्यातील विवेक मला फार आवडतो. एकदा एका तरुण सभासदाच्या बिअरला किंचित लोण्यासारखा वास येत होता. दुसरा कोणी असता तर सौजन्याने गप्प बसला असता. परंतु संघातील एका वृद्ध गृहस्थांनी पेला दोनदा हुंगला, त्या तरुणाकडून त्याची वही मागून घेतली, तारखांवरून बोट फिरविले, आणि बिअर यीस्टवरून फार लवकर काढली गेली आहे, तो वास निर्माण करणारे द्रव्य यीस्टच पुढे शोषून घेते, तेव्हा शेवटचे दोन-तीन दिवस तिला थोड्या उबेत राहू द्यावे, असे शांतपणे सांगितले. पुढच्या खेपेस तो वास नव्हता. वही नसती तर हे निदान झाले नसते, आणि वही उघडपणे ठेवण्याची मुभा नसती तर ती वहीही नसती.

अशा संघांची परंपरा कायद्याहून थोडी जुनी आहे. लॉस एंजेलिसच्या परिसरातला ‘माल्टोज फाल्कन्स’ हा संघ १९७४ साली स्थापन झाला. पोर्टलंडचे फ्रेड एकहार्ट यांनी १९७० च्या सुमारास, म्हणजे मनाई असतानाच, घरी लागर बिअर करण्याविषयी एक पुस्तिका लिहून प्रसिद्ध केली होती. आणि कोलोरॅडोतील बोल्डर गावी चार्ली पपाझियन नावाचे एक तरुण शिक्षक प्रौढांसाठी या विषयाचे वर्ग चालवीत होते. व्हर्जिनिया विद्यापीठात अणुअभियांत्रिकी शिकलेल्या या माणसाने आपले पुढचे आयुष्य घरगुती बिअरच्या शिक्षणाला वाहिले. कार्टर यांच्या स्वाक्षरीच्या वर्षीच, १९७८ साली, त्यांनी चार्ली मॅट्झेन यांच्यासह अमेरिकन होमब्रूअर्स असोसिएशनची स्थापना केली, डिसेंबरात ‘झायमर्जी’ या नियतकालिकाचा पहिला अंक काढला, आणि १९८४ साली त्यांचा जो ग्रंथ बाहेर पडला तो अमेरिकेत असंख्य घरी या छंदाचा पहिला गुरू ठरला. नवशिक्याच्या मनातली भीती आधी घालवावी, शास्त्र मागाहून सांगावे, ही त्यांची रीत मला शिक्षणशास्त्राच्या दृष्टीनेही अनुकरणीय वाटते. ज्या लांब लाकडी डावाने ते पातेले ढवळीत, तो आज वॉशिंग्टनमधील स्मिथसोनियन संस्थेच्या अमेरिकन इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयात जतन केलेला आहे. एखाद्या राष्ट्राने आपल्या इतिहासाच्या दप्तरात स्वयंपाकघरातल्या डावालाही जागा द्यावी, याचे मला कौतुक वाटते.

या छंदातून व्यवसाय उभा राहिला, तो सुद्धा आधी छंद मुरल्यामुळे. जॅक मॅकऑलिफ हे अमेरिकन नौदलात असताना स्कॉटलंडमध्ये होते. तेथील एल बिअरची गोडी लागून ते घरी बिअर करू लागले आणि मायदेशी परतल्यावर १९७६ साली कॅलिफोर्नियातील सोनोमा येथे त्यांनी ‘न्यू ॲल्बियन’ हा चिमुकला कारखाना काढला. दुग्धालयातली जुनी भांडी व शीतपेयांच्या पाकाची रिकामी पिंपे जोडून त्यांनी आपली यंत्रसामग्री स्वतः उभी केली. कारखाना १९८२ साली बंद पडला. परंतु तो निघाला त्याच वर्षी, १९७६ मध्ये, चिको येथे घरगुती बिअरच्या साहित्याचे दुकान उघडणारे केन ग्रॉसमन हे त्या कारखान्याकडे पाहून उमेद धरते झाले आणि त्यांनी १९८० साली ‘सिएरा नेव्हाडा’ची पहिली बिअर केली, जिच्यात कॅस्केड हॉप्सचा सुगंध मुक्तपणे वापरला होता. १९७० च्या दशकाअखेर अमेरिकेत बिअरचे शंभराहूनही कमी कारखाने उरले होते. आज ते नऊ हजारांवर आहेत, आणि त्यांतील कितीतरी संस्थापकांनी आपली पहिली बिअर घरच्या चुलीवर केली आहे. सर्व राज्यांनी मात्र घरी बिअर करण्याची ही मुभा लगेच मान्य केली नाही. अलाबामा आणि मिसिसिपी यांनी ती दिली तेव्हा २०१३ साल उजाडले होते.

आता आपल्याकडे वळतो. १९४९ सालच्या मुंबई दारूबंदी कायद्याचा अंमल महाराष्ट्रात अद्याप आहे. या कायद्यान्वये परवान्याशिवाय मादक पेय तयार करणे हा गुन्हा आहे, आणि घरी स्वतःपुरते केलेले व विक्रीसाठी केलेले यांत तो भेद करीत नाही. दुसरीकडे, सरकारने हॉटेलांना जागेवरच ताजी बिअर करून विकण्याचे परवाने दिले. पुण्यात २००९ साली ‘डूलाली’ सुरू झाले तेव्हा तेथील बिअर घडविण्याचे काम एका जर्मन तज्ज्ञाकडे होते. त्या तज्ज्ञाच्या कौशल्याविषयी मला आदरच आहे. परंतु भांडवल असलेल्याला बिअर करून विकण्याची मुभा, आणि भांडवल नसलेल्या जिज्ञासू माणसाला ती करून शिकण्याची बंदी, ही व्यवस्था मला अन्यायाची वाटते. ओरेगनमध्ये शिकलेले मी पुण्यात काहीही करीत नाही. कायदा मोडून छंद जोपासावा असे माझे मत नाही. कायदा बदलावा असे मात्र आहे.

यावर जो आक्षेप येईल तो हलका नाही. दारूने उद्ध्वस्त झालेली घरे या महाराष्ट्रात गावोगावी आहेत, आणि ज्या बायांनी ती सावरली त्यांच्यापुढे माझ्या छंदाचे महत्त्व मी सांगणार नाही. मात्र धोका नेमका कोठे आहे हे कायद्याने ओळखले पाहिजे. २०१५ साली मुंबईत मालवणी येथे शंभराहून अधिक माणसे विषारी दारूने मेली, ती मिथेनॉल नावाचे औद्योगिक रसायन पोटात गेल्यामुळे, आणि ती दारू विकली जात होती. जवाचे पाणी यीस्टने आंबविले असता मिथेनॉलचा प्राणघातक अंश त्यात उत्पन्न होत नाही, त्याची तीव्रता शेकडा चार-पाचांच्या आसपास राहते, आणि ते तयार होण्यास आठवडे लागतात. ज्याला केवळ नशा हवी आहे तो या खटाटोपात पडणार नाही. हातभट्टी ही गोष्ट सर्वस्वी वेगळी आहे. १९७८ च्या अमेरिकन दुरुस्तीनेही भट्टी लावून मद्य गाळण्याची मुभा दिली नाही. आंबविणे आणि गाळणे यांत, तसेच पिणे आणि विकणे यांत, तिने स्पष्ट रेषा ओढली.

अशी रेषा भारतीय कायद्याला अपरिचित आहे असेही नाही. शेजारच्या मध्य प्रदेशात आणि छत्तीसगडमध्ये आदिवासी कुटुंबांना घरगुती उपयोगासाठी मोहाची दारू करण्याची मर्यादित सवलत आहे, आणि तिच्यामागे त्यांच्या सणासमारंभांची व देवकार्याची परंपरा आहे. महाराष्ट्राने आपल्या कायद्यात एक कलम घालावे : सज्ञान व्यक्तीला वर्षाला ठरावीक लिटरपर्यंत बिअर किंवा फळांची वाइन घरी आंबविता येईल; विक्री करता येणार नाही; गाळता येणार नाही; तालुक्याच्या उत्पादन शुल्क कार्यालयात एकदा नाव नोंदवावे लागेल. मर्यादा अमेरिकेच्या एक-दशांश ठेवली तरी शिकणाऱ्याला ती पुरेशी आहे, कारण एका वेळच्या पातेल्यातून वीसएक लिटरच उतरतात. आणि १९९३ पासून लोकचळवळीच्या बळावर दारूबंदी आलेल्या गडचिरोली जिल्ह्यात हे कलम लागू करू नये. तेथील ग्रामसभांनी मागितले तरच तेथे त्याचा विचार व्हावा.