मनगटावरचे बटण

विषयाचे नाव वाचून काही मित्र हसतील, याची मला कल्पना आहे. वार्षिकांकात लिहायचे तर बेकारी आहे, हुंडा आहे, दुष्काळ आहे, मराठीचे भवितव्य आहे. आणि हा गृहस्थ सदऱ्याच्या बाहीच्या बटणावर लिहायला बसला आहे! परंतु गेली दोन वर्षे हे बटण माझ्या डोक्यातून गेलेले नाही. त्याचे कारण माझे मामा.

मामा इंदापूर तालुक्यातील एका खेड्यात राहतात. चार वर्षांपूर्वी कडबाकुट्टीत त्यांचा उजवा हात मनगटापासून गेला. अंगात पूर्ण बाहीचा सदरा होता, बाहीचे बटण तुटलेले होते आणि बाही लोंबत होती. वैरण आत सारताना आधी ती सैल बाही रुळांत ओढली गेली आणि बाहीमागोमाग हात. बटण तुटून आठवडा झाला होता. मामी म्हणत होत्या, “द्या, लावून देते.” मामा म्हणत होते, “असू दे, कुठं लग्नाला जायचंय!” एवढीच हकीकत आहे.

पुढे मामा पुष्कळ काही नव्याने शिकले. डाव्या हाताने जेवू लागले, सही करू लागले, मोटार चालू करून पिकाला पाणीही देऊ लागले. सदऱ्याची उजवी बाही दुमडून शिवून टाकली होती, तिचा प्रश्न मिटला. डाव्या बाहीचा मिटेना. डाव्या बाहीचे बटण डाव्या हाताने लावता येत नाही. वाचकांनी हा अंक क्षणभर बाजूला ठेवून करून पाहावे. मामी होत्या तोवर त्या बटण लावून देत. दोन वर्षांपूर्वी त्या वारल्या. त्यानंतर मामांनी लग्नकार्याला जाणे सोडले, सोसायटीच्या सभेला जाणे सोडले. विचारले की म्हणत, “काम होतं.” एकदाच खरे बोलून गेले: “रोज सकाळी सुनेपुढं हात पसरायचा का रं?”

हा प्रश्न अखेर इंदापुरातील एका शिंप्याने सोडवला. परंतु ते सांगण्यापूर्वी थोडा इतिहास सांगणे भाग आहे. कारण बाहीचे टोक बंद करण्यावर माणसाने यापूर्वीही पुष्कळ डोके चालवले आहे. फक्त त्यामागचा हेतू वेगळा होता.

आपल्याकडे पूर्वी अंगातल्या कपड्याला बटण नसे, बंद असत. बाराबंदीचे नावच त्यावरून पडले. सोलापूरला संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वज धरणारे भक्त आजही पांढरी बाराबंदी घालतात. बंदांच्या बरोबरीने गुंडी होतीच. ‘काज’ हा शब्द मात्र पोर्तुगीजांकडून आला. त्यांच्या भाषेत बटणाच्या भोकाला ‘कासा’, म्हणजे घर, म्हणतात. ‘बटण’ इंग्रजांकडून आले, आणि त्यांच्याच पोशाखाबरोबर ताठ कॉलर व ताठ कफ आले.

त्या काळी पाश्चात्त्य देशांत कॉलर आणि कफ सदऱ्याला शिवलेले असतच असे नाही. ते सुटे मिळत. याची सुरुवात अमेरिकेतील ट्रॉय या गावी १८२७ साली झाली असे सांगतात. हॅना मॉन्टेग्यू नावाच्या गृहिणीला नवऱ्याचे सदरे धुण्याचा कंटाळा आला. मळते ती कॉलर, आणि धुवायचा मात्र सबंध सदरा! तिने कॉलर कापून वेगळी केली, धुतली आणि पुन्हा टाचून टाकली. त्यातून सुट्या कॉलरचा आणि सुट्या कफांचा एक मोठा धंदा उभा राहिला. ट्रॉयला लोक ‘कॉलर सिटी’ म्हणू लागले.

कचेरीतल्या कारकुनाला ही सोय फारच मानवली. कोटाबाहेर दिसते ते काय, तर गळ्याशी दोन बोटे आणि मनगटाशी एक बोट पांढरे कापड. तेवढे खळीचे, कडक आणि स्वच्छ असले की आतला सदरा चार दिवसांचा असला तरी कोणाला कळत नाही. अडचण एकच होती. सुटा कफ जागेवर राहीना. लिहिता लिहिता तो खाली घसरे, हात वर केला की कोटाच्या बाहीत शिरे. मग कफ धरून ठेवणाऱ्या चिमट्यांवर लोकांनी डोके खपवले. एका टोकाने सदऱ्याची बाही पकडायची, दुसऱ्या टोकाने कफाचे काज किंवा बटण. चिमट्याचा दात तीक्ष्ण केला तर कापड फाटे, बोथट केला तर सुटे. लोखंडाचा केला तर गंजाचा डाग पडे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत अशा चिमट्यांची अनेक पेटंटे निघाली. प्रत्येकाचा दावा एकच: आमचा चिमटा अधिक सुधारलेला आहे.

या सुधारणेची दुसरी बाजूही होती. हॅनाबाईंचे काम हलके झाले खरे, पण ते ओझे नाहीसे झाले नाही. ते ट्रॉयच्या धुलाईखान्यांतील मुलींच्या डोक्यावर गेले. उकळते पाणी, ब्लीचिंग, खळ आणि तापलेल्या इस्त्र्या यांच्यासमोर त्या दिवसाचे बारा-चौदा तास उभ्या असत. १८६४ साली केट मुलॅनी या तरुण आयरिश कामगार स्त्रीने त्यांची संघटना बांधली, संप केला आणि मजुरी वाढवून घेतली. पहिल्या महायुद्धानंतर पुरुषांना मऊ, शिवलेल्या कॉलरची सवय झाली. सुटे कफ गेले आणि त्यांच्याबरोबर ते सगळे सुधारलेले चिमटेही गेले. सुट्या पांढऱ्या पट्टीचा उरलेला अंश पाहायचा असेल तर बारामतीच्या न्यायालयाच्या आवारात जावे. वकिलांच्या गळ्यातले पांढरे बँड त्याच घराण्यातले आहेत, आणि तेही नाडीने किंवा वेल्क्रोने मानेमागे अडकवावे लागतात.

आता पुन्हा इंदापूरला येऊ. शिंपीकाकांचे दुकान म्हणजे एक मशीन, एक फळी आणि एक बाकडे. त्यांच्याकडे मी मामांना जवळजवळ ओढूनच नेले. काकांनी हाताकडे पाहिले आणि हळहळ वगैरे काही व्यक्त केली नाही. म्हणाले, “आण्णा, हाताचं माझ्याकडं काय नाही. सदऱ्याचं बघतो.”

प्रथम त्यांनी टिचबटण लावून पाहिले. ते दाबायला खाली आधार लागतो. मामा बाही मांडीवर दाबून कसेबसे लावत, पण धुण्यात ते ढिले पडले. मग वेल्क्रो लावले. जॉर्ज द मेस्त्राल या स्विस गृहस्थाला ही युक्ती १९४१ साली सुचली, ती कुत्र्याच्या केसांत अडकलेली काटेरी बोंडे पाहून. आपल्याकडे बांधावरून चालताना आघाडा धोतराला चिकटतो, तसाच तो प्रकार. पण शेतातल्या सदऱ्याला वेल्क्रो निभावले नाही. त्यात पाचटाची कूस, सुताचे धागे आणि धूळ भरली आणि पंधरा दिवसांत पकड गेली. शिवाय सभेत बाही सोडली की ‘चर्र’ असा आवाज होतो, तो मामांना नको होता.

तिसऱ्या खेपेला काकांनी बाहीवरचे शिवलेले बटण काढून टाकले आणि त्या जागीही काजच पाडले. दोन चपटी बटणे घेतली आणि त्यांच्यामध्ये इलॅस्टिकचा बोटभर तुकडा पक्का शिवला. एक बटण या काजातून, दुसरे त्या काजातून. सदरा अंगात घालण्यापूर्वीच, मांडीवर ठेवून, ही जोडी एका हाताने लावता येते. मग बाहीत हात सारला की इलॅस्टिक ताणते, पंजा बाहेर येतो आणि बाही मनगटाशी बेताने बसते. सदरा धुवायला टाकताना जोडी काढायची आणि दुसऱ्या सदऱ्याला लावायची. इस्त्रीखाली मात्र तिला जाऊ द्यायचे नाही, इलॅस्टिक मरते. पहिले इलॅस्टिक अरुंद होते, ते तुटले. दुसरे रुंद घेतले, ते टिकले. सारा खर्च एका चहाच्या आसपास आला.

इथे मला माझा मुद्दा मांडायचा आहे. ट्रॉयचे चिमटे आणि इंदापूरची ही बटणांची जोडी, दोन्ही बाहीच्या टोकाच्याच सुधारणा. पहिल्या सुधारणेने माणूस जसा नाही तसा दिसू लागला. दुसरीने माणसाला जे स्वतःचे स्वतः करायचे होते ते करता आले. माझ्या मते सुधारणा या शब्दावर अधिक हक्क दुसरीचा आहे. एखादा कपडा चांगला की वाईट हे आपण कापडावरून, शिलाईवरून, फॅशनवरून ठरवतो. तो घालणाऱ्याला एकट्याने घालता-काढता येतो का, हा प्रश्न आपण विचारतच नाही. संधिवाताने बोटे वाकडी झालेली आजी चोळीचे हूक कसे लावत असेल? अर्धांगवायू झालेले आजोबा पायजम्याची नाडी कशी बांधत असतील? घरात कोणीतरी असते, ते करून देते, असे आपण म्हणतो. करून देणारे असते हे खरे. पण करून घेणाऱ्याच्या मनाला काय वाटते ते मामांच्या एका वाक्याने मला शिकवले.

एका मित्राने यावर मला विचारले, “एवढा खटाटोप कशाला? अर्ध्या बाहीचा शर्ट घालावा!” मित्र बारामती शहरातला आहे, उसात गेलेला नाही. माळेगाव आणि भवानीनगरच्या कारखान्यांना ज्या पट्ट्यातून ऊस जातो, तिथे कोणीही उघड्या हातांनी फडात शिरत नाही. उसाचे पान करवतीसारखे हात कापते. म्हणून तर तोडणीच्या आणि खुरपणीच्या बायका साडीवर पुरुषाचा जुना सदरा घालतात, आणि त्या जुन्या सदऱ्याच्या बाह्यांना बहुधा बटणे नसतात. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या २२ व्या कलमात, चालू यंत्रावर काम करणाऱ्या कामगाराने अंगासरशी बसणारे कपडे घातले पाहिजेत आणि ते मालकाने पुरवले पाहिजेत, असे सांगितले होते. गोठ्यातल्या कडबाकुट्टीला हा कायदा लागत नव्हता. तिथे कायदा म्हणजे मामींची सुई; आणि मामांनी तिला “असू दे” म्हटले होते.

दुसरा आक्षेप एका प्राध्यापकांनी आपुलकीने घेतला: हे तंत्रनिकेतनचे काम आहे, कला शाखेचे नव्हे. मला तसे वाटत नाही. अमेरिकेत पार्किन्सन झालेल्या एका फुटबॉल प्रशिक्षकाला सामन्यानंतर सदऱ्याची बटणे लावता येईनात. एका खेळाडूने ती लावून दिली. ही गोष्ट त्यांच्या पत्नीच्या, मौरा हॉर्टन यांच्या, मनाला लागली आणि त्यांनी बटणांमागे लोहचुंबक दडवलेला सदरा तयार केला. जयपूर फूट १९६८ च्या सुमारास तयार झाला तो डॉ. सेठी यांच्याबरोबर रामचंद्र शर्मा या कारागिराच्या हातून. अशा प्रत्येक वेळी यंत्राच्या आधी कोणीतरी दुसऱ्याची अडचण नीट पाहिलेली असते. माणूस पाहणे, त्याचे न बोललेले ऐकणे, हेच तर कला शाखेचे शिक्षण आहे. नाहीतर तीन वर्षे कथा-कादंबऱ्या वाचून आम्ही काय साधले?

म्हणून माझी एक सूचना आहे. राष्ट्रीय सेवा योजनेचे आपले शिबिर दरवर्षी एखाद्या गावी भरते. आपण रस्ता झाडतो, श्रमदान करतो, पथनाट्य करतो. पुढील शिबिरात एक दिवस सुई-दोऱ्यासाठी राखून ठेवावा. गावातल्या शिंप्याला मानाने बोलवावे, त्याच्या हाताखाली बसावे. ज्यांच्या घरी कडबाकुट्टी आहे त्यांच्या कामाच्या सदऱ्यांची तुटलेली बटणे लावून द्यावीत. ज्यांना हात, बोटे किंवा नजर साथ देत नाही, त्यांना काय घालता येत नाही ते विचारावे. आणि शिंप्याने, चांभाराने, सुताराने अशा माणसासाठी पूर्वी काही युक्ती केली असेल तर ती एका वहीत चित्रासह उतरवून ती वही ग्रंथालयात ठेवावी. शिंपीकाकांची युक्ती आज फक्त त्यांच्या बोटांत आणि मामांच्या एका बाहीत आहे. पुढच्या माणसाने ती पुन्हा पहिल्यापासून का शोधावी? बारामतीच्या वस्त्रोद्योग उद्यानात तयार कपडे शिवले जातात. उद्या ही वही तिथल्या कोणाच्या हाती पडली, तर एका बाहीची युक्ती हजार बाह्यांना मिळेल.

गेल्या वैशाखात मामा आमच्या घरच्या लग्नाला आले. पांढरा सदरा, डावी बाही मनगटाशी बंद. मांडवात कोणाचेही तिकडे लक्ष गेले नाही. आहेर घेऊन ते पुढे झाले, नवरदेवाच्या पाठीवर हात ठेवला आणि पंगतीला जाऊन बसले. वहीचे पहिले पान मी लिहून ठेवले आहे. दुसरे पान ज्याच्याकडे असेल त्याने शिबिरापूर्वी मला भेटावे.

— तृतीय वर्ष, कला